मागून हाक

कुंदाताईंचा आवाज मी कधीच ऐकला नाही. सेक्टर दहाच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये मी नऊ वर्षं स्वयंपाक केला. पण मी कामाला लागले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांच्या गळ्यातली गाठ काढली होती आणि गाठीबरोबर आवाजही गेला होता. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, ताईंनी सही केली होती. मागे उरली ती नुसती हवा. कान अगदी तोंडाशी नेला तर एखादा शब्द कळायचा, नाहीतर चहा उकळताना झाकणाखालून येतं तसं काहीतरी.

बाकी साऱ्या भिलाईने मात्र तो आवाज ऐकला होता. ताई स्टील प्लांटच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या. एकदा भाजीच्या ठेल्यावर आम्ही वांगी निवडत होतो. ठेलेवाल्याने "गायधने मॅडम, धनिया डाल दूँ?" असं विचारलं, तर शेजारी स्कूटरवर बसलेले एक म्हातारे गृहस्थ एकदम खाली उतरले.

"गायधने मॅडम? एक्सचेंजच्या? अवो, माह्या घरी पोरगी झाल्याची बातमी तुमीच देली होती मले फर्नेसवर! तोंड नाही पायलं कधी तुमचं, पण आवाज अजून कानात हाय. एकदा म्हणा न ते, 'होल्ड कीजिए'."

ताईंनी गळ्याभोवतीचा रुमाल थोडा खाली सरकवला आणि व्रणावर बोट ठेवलं. ते गृहस्थ डोक्यावरची टोपी काढून हातात धरून उभे राहिले. घरी येताना ताई माझ्या दहा पावलं पुढे चालत होत्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

बोलायला त्यांच्याकडे पाटी होती. मुलाची, अमोलची, लहानपणची दगडी पाटी, एक कोपरा तुटलेली. त्या तारेसारखं लिहायच्या. "भात कमी." "मीठ जास्त." "उद्या मेथी." मी चौथी शिकलेली. शाळा सुटल्यावर बसच्या पाट्यांखेरीज मी काही वाचलं नव्हतं. पाटीवरच्या प्रत्येक अक्षराखाली बोट फिरवून वाचायला मला वेळ लागायचा. ताई तोवर खडू हातात धरून थांबायच्या, घाई करायच्या नाहीत. एकदा पाटीवर होतं, "तू हसत कावून नाही?" मी वाचलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

दुपारचे चार वाजले की ताई वेगळ्या व्हायच्या. हात धुवायच्या, नीट पुसायच्या, पदर कमरेला खोचायच्या. अंबाडा सोडून वेणी घालायच्या, कारण अमोलच्या खोलीतल्या खुर्चीची पाठ उंच होती आणि अंबाडा टोचायचा. मग कॉम्प्युटर लावायचा, उजव्या हातात दांडी घ्यायची आणि आकाशात जायचं.

मी आधी समजले की टीव्हीवर सिनेमा आहे. तो खेळ होता. मोठ्या महायुद्धातली, नाकाशी पंखा असलेली लढाऊ विमानं, आणि प्रत्येक विमानात एक खराखुरा माणूस, कुठल्यातरी गावात कुठल्यातरी खुर्चीवर बसलेला. दोन बाजू असायच्या. त्यांनी यांना पाडायचं, यांनी त्यांना. विमान कललं की ताईही कलायच्या, खुर्ची करकरायची. पडल्या की तोंड उघडून शिवी द्यायच्या, आणि खोलीत काहीच ऐकू यायचं नाही.

हा खेळ त्यांना अमोलने शिकवला होता, बेंगळुरूला नोकरीवर जाण्याआधीच्या उन्हाळ्यात. जाताना म्हणाला होता, "आई, फोनवर तर तुले बोलता येत नाही. रोज चारले वर ये. मी पण तिकडून येत जाईन. आपण वर भेटू." ताई त्या दिवसापासून चारला वर जात होत्या. अमोलचं काम वाढलं, मग लग्न, मग बदली. तो एकदाही आला नाही. ताईंनी तक्रार केली नाही. त्यांनी तिथे स्वतःचं नाव घेतलं, ऑपरेटर, आणि उडत राहिल्या.

मला त्या सारं शिकवायच्या. का, ते मला तेव्हा कळत नव्हतं. मी दारात लसूण सोलत बसायची आणि मध्येच पाटी पुढे यायची. एकदा त्यांनी मला खिडकीशी नेलं आणि सेक्टरची पाण्याची टाकी दाखवली. पाटीवर लिहिलं, "पाणी वर आहे म्हणून नळाला जोर." मग स्क्रीनवर बोट ठेवलं. विमानाचंही तेच. जो वर आहे त्याच्याकडे जोर साठलेला असतो. खाली झेप घ्यायची, गोळी मारायची आणि त्याच जोरावर पुन्हा वर निघून जायचं. समोरचा गोल गोल फिरू लागला तर त्याच्या नादी लागून आपण फिरायचं नाही. फिरण्यात जोर गळतो आणि दोघंही टाकीच्या तळाला येतात.

जोडीने कसं उडायचं ते त्यांनी स्वतःची वेणी सोडून दाखवलं. दोन पेड हातात धरले. हा इकडून तिकडे, तो तिकडून इकडे, पुन्हा पुन्हा एकमेकांसमोरून. याच्या मागे कोणी लागला तर तो त्याला दिसतो, त्याच्या मागे लागला तर याला. मी म्हटलं, "ताई, वेणी तर तीन पेडांची असते." त्यांनी डोळे मिटले, खांदे हलले. तेवढंच त्यांचं हसू.

त्यांच्या जोडीदाराचं तिथलं नाव होतं कबूतर. खरं नाव आम्हाला कधी कळलं नाही. तो बोलायचा, ताई टाइप करायच्या. स्पीकरमधून त्याचा आवाज घरभर यायचा, त्याच्यामागे कधी मिक्सर, कधी कुठल्यातरी देवळाची घंटा. एकदा म्हणाला, बाहेर बर्फ पडतंय. आमच्याकडे कूलर चालू होता. तो ताईंना दादा म्हणायचा. ऑपरेटर म्हणजे पुरुषच असणार असं त्याने धरलं होतं. ताईंनी ते कधी दुरुस्त केलं नाही.

कबूतर आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एक गाढवपणा केला. चारच्या सुमाराला मी कणीक मळत होते. स्पीकरमधून घाईघाईने आवाज आला, "दादा, मेरे छह बजे कोई है! छह बजे!"

मी घड्याळ पाहिलं. सव्वाचार. सहा वाजता कोणीतरी येणार. ताईंकडे कोणी पाहुणा येतो हेच मला नवल होतं. मी कणीक झाकून ठेवली, पोहे भिजवले, कांदा चिरला, दाणे तळले, कोपऱ्यावरून शेवही आणली. चांगल्या बशा काढल्या. सहाला पाच कमी असताना ताई पाणी प्यायला आल्या आणि ओट्याकडे पाहत राहिल्या.

"पाहुणे येऊन राहिले न, सहाले," मी म्हटलं. "ते म्हणत होते."

ताई तिथेच फरशीवर बसल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. मग पाटीवर त्यांनी घड्याळाची तबकडी काढली. बारा म्हणजे नाकासमोर, तीन उजवा हात, नऊ डावा हात. सहा म्हणजे पाठीमागे. त्याखाली लिहिलं, "सहाला येतो तो मारायला येतो."

पोहे आम्ही दोघींनीच खाल्ले. ते पाहुण्याच्या बशीत खाल्ले, हे मला आठवतं. त्या दिवसानंतर रोज सहाला ताई खाली उतरल्या की मी पोहे करायची, आणि पाटीवर असायचं, "पाहुणे आले का?"

त्या पावसाळ्यात कबूतर सारखा पडू लागला. एखाद्याच्या मागे लागला की त्याचं दुसरीकडे ध्यान नसायचं. ताई वरून पाहायच्या, त्याच्या मागे शत्रू आलेला त्यांना दिसायचा, पण दोन्ही हात गुंतलेले. एक हात सोडून टाइप करेपर्यंत तो खाली गेलेला असायचा.

एका बुधवारी तो म्हणाला, "दादा, बुरा मत मानना. आप ऊपर से सब देखते हो और मैं नीचे मरता हूँ. लिखा हुआ पढ़ूँ कि जहाज़ उड़ाऊँ? माइक लगाओ ना. एक दूसरा ग्रुप बुला रहा है, वहाँ सब बोलते हैं. इतवार तक बता देना."

ताईंनी लिहिलं, ठीक है. मशीन बंद केली. त्या दिवशी पाटीवर पाहुण्यांचं काही नव्हतं. त्यांच्याशी रोज बोलणारं माणूस जगात तेवढं एकच होतं. मी होते, पण मी कुठे बोलायची.

गुरुवारी मी भांडी घासत होते. पाटी माझ्यासमोर ओट्यावर ठेवली गेली. "तू बोल. माझ्या जागी."

"मले नाही जमत, ताई."

"कावून?"

मी हात धुतले. ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. माझा नवरा प्लांटमध्ये ठेकेदाराकडे मजूर होता. एका दिवशी दुपारच्या पाळीला निघाला तर डबा विसरला. मी दारातून हाक मारली, "अवो, डबा!" तो माघारी आला, डबा घेतला, सायकल वळवून गेला. चौकात ट्रकने उडवलं. सासूने सगळ्या मयतीसमोर म्हटलं, "निंगलेल्या माणसाले मांगून टोकलं हिनं." घराबाहेर निघालेल्याला मागून हाक मारू नये हे काय मला माहीत नव्हतं? आणि मी तर हिशेबही केला होता. हाक मारली नसती तर तो दोन मिनिटं आधी चौक ओलांडून गेला असता. तेव्हापासून माझं तोंड कमी उघडतं.

ताईंनी सगळं ऐकलं. पाटीवर काहीतरी लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी पाटी ठेवून बाहेर निघून गेल्या. तिच्यावर होतं, "तिथे मागून हाक देली नाही तर माणूस मरतो."

शुक्रवारी मी गेले, स्वयंपाक केला, आले. शनिवारी तसंच. अमोलच्या खोलीत टेबलावर माइक लावून ठेवलेला दिसत होता, शेजारी एक स्टूल. ताईंनी मला एका शब्दाने विचारलं नाही.

रविवारी मला दुपारची सुट्टी असायची. वैशाली नगरच्या माझ्या खोलीत मी साडेतीनपर्यंत बसून राहिले. मग सायकल काढली.

ताईंनी मला पाहिलं आणि स्टूल जवळ ओढलं. पाटीवर पटकन खुणा लिहिल्या. माझ्या पायावर त्यांचा पाय एकदा आपटला तर मागे, दोनदा तर डावीकडे, तीनदा तर उजवीकडे. लढाई सुरू झाली. कबूतर एकाच्या मागे खाली खाली जात होता, "आज नहीं छोड़ूँगा इसको" म्हणत होता. ताई वर होत्या, खूप वर. मग सूर्याच्या बाजूने एक काळा ठिपका निघाला. लाल नाव, म्हणजे शत्रू. तो कबूतरच्या मागे येऊ लागला. ताईंचा पाय माझ्या पायावर आपटला. मी गप्प. पुन्हा आपटला.

"डबा!" अशी हाक मारली होती मी तेव्हा. तेच तोंडात येत होतं.

"कबूतर!" मी ओरडले. "मांगं! मांगं पाय!"

"क्या? कौन?"

"छह बजे! तुमारे छह बजे कोई है!"

त्याने विमान असं काही वळवलं की गोळ्या त्याच्या बाजूने निघून गेल्या. मागचा शत्रू पुढे निघाला, आणि ताई टाकीतल्या पाण्यासारख्या वरून आल्या. एक झेप. शत्रूचा पंख तुटून गेला.

कबूतर म्हणाला, "ये कौन बोला? दादा?"

मी ताईंकडे पाहिलं. "दादा के घर से," मी म्हटलं. "दादा का गला ख़राब है."

"बेटी हो?"

ताईंनी मान डोलावली. "हाँ," मी म्हटलं.

"अरे, तो पहले बोलना था ना! गला ख़राब है तो है. बेटी, तू ही बोला कर. तेरी आवाज़ तो एकदम साइरन है."

ताईंनी दांडी सोडली आणि आपला पदर माझ्या हातात दिला, घाम पुसायला. त्या दिवशी पोहे त्यांनी केले, दाणे जाळले.

दोन वर्षं मी त्यांचा आवाज होते. कबूतर दुसऱ्या ग्रुपमध्ये गेला नाही. त्याला वाटायचं की सेक्टर दहात एक दादा आहे आणि त्याची एक मुलगी आहे. त्यातलं एकही खरं नव्हतं, तरी चारला तिघं जमायचो.

एक दुपार मात्र मला विसरता येत नाही. लढाई चालू होती. ताई वरून एकाच्या मागे आल्या, बरोबर सहाला. त्याला पत्ताच नव्हता. नेम लागला होता. ताईंचं बोट दांडीच्या घोड्यावर होतं आणि ते हललं नाही. मी स्क्रीनकडे पाहिलं. त्या विमानावर जे नाव होतं ते अमोलचं शाळेतलं टोपणनाव होतं. अमोल वर आला होता. पण दुसऱ्या बाजूने, आणि ऑपरेटर म्हणजे आपली आई हे त्याला माहीत नव्हतं.

ताई त्याच्या मागे मागे उडत राहिल्या. तो डावीकडे गेला की या डावीकडे. ढगातून गेला, याही गेल्या. त्याने एकदाही वळून पाहिलं नाही. मी माइकशी तोंड नेलं, अमोलदादा म्हणायला. मग आठवलं, आमचा आवाज फक्त आमच्या बाजूच्यांना जातो.

"दादा, मारो ना! सामने तो है!" कबूतर ओरडत होता. शेवटी तोच खाली आला आणि त्यानेच अमोलला पाडलं. "दादा, सो गए थे क्या?"

ताईंनी टाइप केलं, गोली अटक गई थी.

संध्याकाळी अमोलचा मेसेज आला. ताईंनी फोन माझ्यापुढे धरला. "आज खूप दिवसांनी गेम उघडला. सगळं विसरलो, पाच मिनिटांत मेलो. तू खेळते का अजून?" ताईंनी उत्तर लिहिलं, "नाही." मग पाटी घेतली आणि तिच्यावर लिहिलं, "मान वळवायला तर शिकवलं होतं मी त्याले. रस्ता ओलांडताना." ती पाटी त्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत पुसली नाही.

गेल्या वर्षी क्वार्टर सोडायची वेळ आली. मुदत संपली होती. अमोल घ्यायला आला. चांगला मुलगा आहे तो, आईच्या औषधांची पिशवी स्वतः भरली, मलाही एक साडी दिली. कॉम्प्युटर जुना झाला म्हणून इथेच कोणालातरी देऊन टाकला. "तिकडं फ्लॅट लहान हाय, आई. आणि डोळे पण सांभाळले पायजे न."

तो देण्याआधी, निघायच्या आदल्या दिवशी, चारला आम्ही शेवटचं वर गेलो. लढाई केली नाही, नुसतं उडलो. मी माइकमध्ये सांगितलं, "दादा जा रहे हैं. अब नहीं आएँगे."

कबूतरच्या मागे घंटा वाजत होती. मग तो म्हणाला, "दादा को एक बार माइक पे ला, बेटी."

ताईंनी माइक हातात घेतला. ओठांशी नेला. ओठ हलले, मी पाहिलं. एकतीस वर्षं म्हटलेले दोन शब्द होते ते, आकार मला ओळखू आला. स्पीकरमधून कबूतर म्हणाला, "हवा आ रही है, दादा. बस हवा. कोई बात नहीं. पीछे देखते रहना."

दुसऱ्या दिवशी दारात गाडी आली. रायपूरहून विमान होतं. हजारो वेळा आकाशात गेलेल्या ताई खऱ्या विमानात पहिल्यांदाच बसणार होत्या. पाटीवर त्यांनी लिहिलं, "खिडकी मागितली. पंखाच्या मागची. तिथून सहा दिसतो." अमोल सामान ठेवत असताना त्यांनी पाटी आणि खडूची डबी माझ्या हातात दिली आणि गाडीत बसल्या. पुढे पाहत बसल्या, रुमाल गळ्याभोवती घट्ट. रीत आहेच, निघताना मागे वळून पाहू नये.

गाडी सुरू झाली. मी फाटकाशी उभी होते. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. माझ्या छातीत डबा, चौक, ट्रक, सगळं एकदम आलं. गाडी कोपऱ्यावरच्या कडुनिंबापाशी पोचली.

"ताई!" मी ओरडले. "छह बजे! छह बजे कोई है!"

गाडी हळू झाली. अमोलने खिडकीतून डोकं काढून हातातलं घड्याळ पाहिलं.

"सहाले काय हाय?" त्याने विचारलं. "फ्लाइट तर साडेआठची हाय."

मागच्या काचेतून ताईंची वेणी दिसत होती. अंबाडा नव्हता, वेणी घातली होती. ती हलली, आणि मग ताईंनी पूर्ण मान वळवून मागे पाहिलं.